ए-फ्रेम केबिन: लाकूड घ्यायच्या आधी हे वाचून घ्या

आम्ही ए-फ्रेम केबिनचं लाकूड कापून, जोडायला तयार असं किट देतो. आमच्याकडे शनिवारी येणाऱ्या दहातल्या सात गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये तोच फोटो असतो, जंगलात त्रिकोणी घर, समोर सगळी काच, आत पिवळा दिवा. आणि पहिला प्रश्न एकच, "मुरबाडला जागा आहे, हे किती पडेल?" किती पडेल ते सांगतोच आम्ही, पण आधी दोन-चार गोष्टी बोलायच्या असतात आणि वर्कशॉपमध्ये मशीनच्या आवाजात त्या अर्ध्याच ऐकू जातात, म्हणून हे पत्रक छापलं. घरी नेऊन निवांत वाचा, घरातल्यांनाही वाचायला द्या.

मुद्द्याची गोष्ट म्हणजे ए-फ्रेममध्ये तुम्ही घर बांधत नाही, छप्पर बांधता. साध्या घराला चार भिंती आणि वर छप्पर, इथे दोन्ही बाजूच्या भिंतीच नाहीत, छपराचं पाखंच (उतरती बाजू) सरळ जमिनीपर्यंत उतरतं. आपल्या सुताराला ए-फ्रेम म्हटलं तर कळत नाही पण "नुसत्या कैच्या ओळीत उभ्या करायच्यात, खाली भिंत नाही" असं सांगितलं की लगेच डोक्यात बसतं. कैची म्हणजे दोन तिरके वासे आणि खाली एक आडवी तुळई यांचा त्रिकोण. हा आकार अमेरिकेत १९५०-६० च्या दशकात सुट्टीच्या घरांसाठी फार चालला, त्याच्या आधी १९३४ ला शिंडलर नावाच्या आर्किटेक्टनं कॅलिफोर्नियात लेक ॲरोहेडला असं एक घर केलं होतं. जपानात शिराकावा-गो गावात तर जुनी घरं अशाच उभ्या गवती छपरांची आहेत, त्या पद्धतीच्या नावाचा अर्थच नमस्काराला जोडलेले हात असा आहे. बर्फाच्या मुलखात अशा उभ्या छपराचा फायदा हा की बर्फ साचत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे आणि ऊन आहे, त्यामुळे फोटोतलं जसंच्या तसं उचलून चालत नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं यातूनच येतं.

डोकं कुठे आपटणार ते आधी बघा

समजा पाया १२ फूट आणि वासेही १२ फुटाचे, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या, कोन ६० चा. उंची येते १० फूट ४ इंचांच्या थोडी वर. वा, दहा फूट उंची, असं वाटतं. पण पाखं आत कलतं ना, सहा फूट उंचीवर प्रत्येक बाजूनं साडेतीन फूट जागा गेलेली असते, उरली पाच. त्यातून वाशाची जाडी, सहा इंची वासा असेल तर आडवा सात इंच खातो, दोन्हीकडून. म्हणजे १२ फुटी केबिनमध्ये सहा फूट उंचीच्या माणसाला सरळ चालायला चार फुटांचीही पट्टी मिळत नाही. रेल्वेच्या डब्यात दोन सीटच्या मधून चालल्यासारखं.

पाया १६ फूट घेतला की तीच पट्टी पावणेआठ-आठ फुटांवर जाते आणि उंची पावणेचौदा फुटांच्या वर. चार फूट पाया वाढवला आणि चालायची जागा दुप्पट झाली, म्हणून आम्ही १६ च्या खाली जाऊ नका असंच सांगतो, बजेट कमी असेल तर लांबी कमी करा, रुंदी नको. माळा हवा असेल तर १६ फुटी केबिनमध्ये माळ्याखाली साडेसात फूट उंची सोडली की, माळ्याची आणि वाशांची जाडी वजा जाता, वर मधोमध पावणेपाच फूट उरतात. झोपायला झकास, उभं राहून टी-शर्ट बदलायला नाही. पोरांना तोच आवडतो, आजी-आजोबांना वर पाठवू नका.

हे आकडे कागदावर कळत नाहीत. ऐरोलीचं एक जोडपं आलं होतं, १२ फुटीच पाहिजे म्हणून अडून बसलेलं, त्यांना म्हटलं सोसायटीच्या गच्चीवर खडूनं १२ बाय १६ चा चौकोन आखा, मग दोन्ही बाजूंनी चार-चार फूट आत दुसरी रेघ मारा, आणि त्या आतल्या पट्टीत रविवारचा एक तास काढा, खुर्च्या ठेवा, चहा प्या. सोमवारी सकाळी फोन, "सोळा करा."

लाकूड

हिशोब आधी शिकून घ्या म्हणजे कुणीही फसवणार नाही, आम्हीसुद्धा. रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४, आले घनफूट. सहा बाय दोनचा १६ फुटी वासा म्हणजे १.३३ घनफूट. दर घनफुटावर असतो आणि रंधा मारल्यावर सहाचा साडेपाच-पावणेसहा होतो, तर बिल कोणत्या मापावर लागणार हे आधीच विचारायचं. आमच्याकडे बिल करवतीच्या मापावर असतं, रंध्यानंतरचं खरं माप बाजूला पेनानं लिहून देतो.

साग सगळ्यांना हवा असतो, परवडतो थोड्यांना. कैच्यांना सागाची गरजही नाही, प्रेशर ट्रीटेड पाईन पुरतो, हलका आहे, सोळा फुटी वासा वीस किलोच्या आसपास भरतो म्हणजे दोन माणसं आरामात उचलतात. साल घेतलात तर मजबूत आहे पण वजन दीडपटीच्या वर. एकच सांगणं, ट्रीटेड लाकूड जिथे कापाल, भोक पाडाल, तिथे औषध पुन्हा ब्रशनं लावायचं कारण आतपर्यंत ते पोचलेलं नसतं, आणि उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत अजिबात घालायचे नाहीत, त्या औषधांतल्या काहींमध्ये तांबं आणि आर्सेनिक असतं, धूर विषारी. बार्बेक्यूला साधी लाकडं वेगळी न्या.

स्वतःच्या शेतातलं झाड पाडून कापून द्याल का, असंही विचारतात. झाड पाडायला महाराष्ट्रात १९६४ चा कायदा आहे, वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास दाखवा, देतो कापून. पास नसेल तर टेम्पो गेटच्या आत घेत नाही, राग मानू नका.

कैच्या की डोमिनो

त्रिकोण ताकदीचा असतो, बरोबर. पण आडवा. कैची डावी-उजवीकडे हलत नाही, पुढे-मागे मात्र तिला धरायला काहीच नाही. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमची पहिली केबिन आम्ही स्वतःसाठीच मुरबाडच्या पुढे उभी करत होतो, एप्रिल महिना, अकरापैकी नऊ कैच्या दुपारपर्यंत उभ्या, वर एक रीप तात्पुरती ठोकलेली, आणि सगळे झाडाखाली डबे उघडून बसलेलो. साधा वारा सुटला, वादळ वगैरे काही नाही. पहिली कैची दुसरीवर झुकली, दुसरी तिसरीवर, सगळी ओळ हळूच, पत्ते कलावेत तशी आडवी झाली. भेंडीची भाजी तोंडात तशीच. कुणी खाली नव्हतं हे नशीब, दोन वासे चिरले आणि आमचा माज उतरला.

तेव्हापासून पहिली कैची उभी केली की तिला पुढून-मागून दोन-दोन टेकू, दुसरी लावली की लगेच दोघींमध्ये तिरकी पट्टी, आणि संध्याकाळी काम थांबवताना जेवढ्या उभ्या तेवढ्या सगळ्या तिरक्यानं बांधलेल्या. प्लाय चढला की मग तोच धरून ठेवतो. आमच्या किटमध्ये लाल रंग लावलेल्या बारा पट्ट्या येतात त्या याच कामाच्या आहेत, पॅकिंगचं लाकूड समजून फेकू नका, एकानं खरंच फेकल्या होत्या.

कैच्या कशा करायच्या ते थोडक्यात. पहिली कैची सपाट जागेवर आडवी मांडून पक्की करायची, बाकीच्या दहा तिच्यावर ठेवून तशाच्या तशा. टेपनं प्रत्येक वेळी नवं माप घ्यायचं नाही. वाशाच्या लांबीशी वरचा काप ३० अंशाचा आणि खालचा ६० चा, दोन्ही उलटे मारले की वासा वाया, म्हणून काप आम्ही मारूनच देतो. शेंड्याला दोन्हीकडून प्लायचे तुकडे, जोडाला १२ मिमीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, मोठा वॉशर. नुसते खिळे नकोत, वासे खालून बाहेर पसरायला बघतात आणि त्यांना धरून ठेवते ती खालची आडवी तुळई, तिथला जोड म्हणजे सगळं घर. कैच्या दोन-दोन फुटांवर, २० फूट लांबीला ११. पक्की मापं तुमच्या जागेप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्या, आमचा माणूस आहे, नाहीतर तुमचा आणा.

पाया आणि पाणी

१६ बाय २० ला आम्ही पंधरा काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे बुटके खांब, सांगतो, तीन ओळी, प्रत्येकी पाच. आखणी करताना दोन्ही कर्ण मोजा, २५ फूट ७ इंचांच्या किंचित वर यायला हवेत, दोन्ही सारखे नसतील तर पुढचं सगळं वाकडंच जाणार आणि पत्र्याला पोचेपर्यंत ते कळणार नाही. मुरूम लागला तर बरं, भाताच्या खाचरात काळी चिकण माती असेल तर खोल जावं लागतं.

आता या केबिनचं खरं दुखणं. जमीन ३२० चौरस फूट, पण पुढे-मागे दोन-दोन फूट वळचण धरून छप्पर ७६८, जवळपास अडीच पट. दिवसाला १०० मिलीमीटर पाऊस आपल्याकडे जुलैत काही नवल नाही, तेवढ्यात या छपरावरून साडेतीन हजार लिटर पाणी खाली येतं आणि येतं नेमकं कुठे, तर वाशाच्या पायाशी. तिथून चिखल उडतो, लाकूड ओलं राहतं, वाळवीला आमंत्रण. एक केबिन बघायला बोलावलं होतं, आमची नव्हती, तीन पावसाळे झालेली, वरून चकाचक, मी वाशाच्या पायात स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर उकडलेल्या बटाट्यात जावा तसा मुठीपर्यंत आत. मालक बघतच राहिले.

म्हणून जमिनीपासून निदान दोन फूट वर उचला, लाकूड आणि काँक्रीट यांच्यात लोखंडी बूट घाला, पाणी पडतं तिथे दोन्ही बाजूंनी खडीचा चर काढून उताराला सोडा. खालच्या मोकळ्या जागेला जाळी मारा, साप काय, भटकी कुत्री काय, सगळ्यांना ती जागा आवडते.

समोरची काच कुठे तोंड करणार हेही पावसावर ठरतं. आपला पाऊस नैऋत्येकडून मारतो, तिकडे काच ठेवलीत तर चार महिने पोछा घेऊन बसा. उत्तर किंवा पूर्व बघा. पश्चिमेला सूर्यास्त दिसतो म्हणतात, दिसतो, पण मे महिन्यात दुपारी तीनपासून तो तुमच्या मांडीवर येऊन बसतो.

वाऱ्याचंही ऐकून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे कागदासारखे उडाले. वारा छप्पर दाबतो तसा उचलतोही. पत्रा रिपेला धरलेला, रीप वाशाला, वासा खालच्या तुळईला, तुळई पायातल्या बोल्टला, ही साखळी एका जागी जरी नुसत्या खिळ्यावर असेल तरी तिथूनच सुटणार.

ऊन

पत्र्याखाली थेट प्लाय मारलात तर एप्रिलमध्ये आत भट्टी. पत्रा, मग रिपांची दीड-दोन इंच मोकळी हवा, मग इन्सुलेशन, मग आतलं लाकूड. गरम हवा शेंड्याला जमते तर दोन्ही त्रिकोणांच्या टोकाशी समोरासमोर उघडणारी झडप ठेवा, मच्छरजाळी लावून. या एका गोष्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या पत्र्यानं पडत नाही, आम्ही पत्रा विकत असूनही सांगतोय.

परवानगी आणि वेळ

लाकडाचं आहे, चाकं लावता येतात, म्हणून परवानगी नको, हे ज्यानं सांगितलं त्याला लेखी द्यायला सांगा. शेतजमिनीवर शेतघराला साधारण एक एकर, म्हणजे ०.४ हेक्टर लागतं, एनए (बिगरशेती) प्लॉटचे नियम वेगळे. नेरळ-कर्जत-पनवेलच्या बाजूला माथेरानचा इको-सेन्सिटिव्ह झोन २००३ पासून आहे, तुमचा सर्व्हे नंबर त्यात येतो का ते आधी काढा. हे काम आमचं नाही, पण सातबारा बघितल्याशिवाय ऑर्डर घेत नाही.

काम दसऱ्यानंतर सुरू करा. लाकूड दिवाळीपर्यंत, पाया डिसेंबरात, कैच्या जानेवारीत, पत्रा गुढीपाडव्याच्या आत. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून असली तरी मेच्या शेवटी वळीव येतोच, उघड्या प्लायवर तो पडला की थर सुटायला लागतात. फक्त शनिवार-रविवार तुम्ही आणि दोन मित्र असं धरून चार महिने लागतात, कैच्या उचलायच्या दिवशी मात्र सहा माणसं पाहिजेत, एक कैची सत्तर-पंच्याहत्तर किलो भरते. त्या दिवशी आमचा एक सुतार येतो, त्याचे पैसे किटमध्येच धरलेत.

लाईट, प्लंबिंग, संडासाची टाकी आम्ही करत नाही.

वर्कशॉप रबाळ्याला एमआयडीसीत, स्टेशनवरून रिक्षा मिळते. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. मागच्या मोकळ्या जागेत १२ ची आणि १६ ची अशा दोन कैच्या कायम उभ्या आहेत, त्यांच्याखाली उभं राहून बघता येतं. येताना सातबारा, जागेचा उतार दिसेल असा एक फोटो, आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला घेऊन या.