पोटगी

पोटगी : विवाहसंबंध तुटल्यावर, किंवा त्याबाबतचा दावा चालू असताना, जोडीदाराच्या निर्वाहासाठी दरमहा अगर एकरकमी द्यावयाची रक्कम. हा शब्द ‘पोट’वरून ‘गी’ प्रत्ययाने साधलेला दिसतो. ‘देणगी’ त्याच घडणीचा. जुन्या मराठीत त्याचा अर्थ अधिक व्यापक, म्हणजे चरितार्थासाठी दिलेली कोणतीही रक्कम, असा होता. विधवेच्या हक्कासाठी ‘अन्नवस्त्र’ हा शब्द रूढ होता. ग्रामीण पक्षकार आजही ‘खावटीचा दावा’ म्हणतात.

प्राचीन आधार : याज्ञवल्क्यस्मृतीतील (१.७६) वचन वारंवार उद्धृत केले जाते. आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती व प्रियभाषिणी पत्नीचा त्याग करणाऱ्याकडून तिला धनाचा तृतीयांश देववावा; तो निर्धन असल्यास भरणपोषण. या स्मृतीचा काळ साधारणतः इ.स. पहिल्या ते पाचव्या शतकांदरम्यान धरतात. अलीकडचे अभ्यासक उत्तरार्धाकडे झुकतात. हे वचन म्हणजे पोटगीचे मूळ, असे मानण्याचा मोह होतो. परंतु आधीचे श्लोक अधिवेदनाचे, म्हणजे पहिली पत्नी असताना दुसरी करण्याचे, आहेत. विवाहविच्छेद तेथे अभिप्रेत नाही. त्यामुळे तृतीयांश हा अन्याय्य त्यागाचा दंड समजणे अधिक सयुक्तिक वाटते. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘परस्परं द्वेषान्मोक्षः’ (दोघांच्या परस्पर द्वेषामुळे सुटका) असा विच्छेद आहे, पण धर्मविवाहांना, म्हणजे ब्राह्म आदी पहिल्या चार प्रकारच्या विवाहांना, तो लागू नाही. ग्रासाच्छादनाचा, म्हणजे अन्नवस्त्राचा, नियम तेथेही आहे; तो पतीच्या ऐपतीशी निगडित आहे. जाता जाता : धर्मशास्त्रातील ‘घटस्फोट’ हा पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी होता, विवाहविच्छेद हा त्याचा अर्थ नंतरचा. अनेक जातींत काडीमोड व सोडचिठ्ठी प्रचलित होती.

कायदा : १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पत्नी व मुलांच्या निर्वाहाची तरतूद होती. ती १८९८ च्या संहितेत कलम ४८८, १९७३ च्या संहितेत कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाली. ती सर्व धर्मीयांना लागू आहे; घटस्फोटितेलाही पुनर्विवाहापर्यंत हा हक्क मिळतो. दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये गेली. हिंदू विवाह कायद्याची (१९५५) कलमे २४ व २५ वेगळी : पहिले दाव्यादरम्यानचे, दुसरे कायमस्वरूपी, आणि दोन्हींखाली पतीही मागू शकतो. मुस्लिम स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाचा शाहबानो निकाल (१९८५; घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ ची पोटगी), त्यानंतर मुस्लिम घटस्फोटितांसाठी झालेला १९८६ चा वेगळा कायदा, त्याचा अर्थ लावणारा दानियल लतीफी निकाल (२००१) आणि जुलै २०२४ चा निकाल या क्रमाने पुढे गेला. कलम १२५ त्यांनाही खुले असल्याचे शेवटच्या निकालाने स्पष्ट झाले.

सर्वाधिक मतभेद झाले ते अवैध विवाहातील स्त्रीबाबत. पहिली पत्नी हयात असताना लग्न झालेली दुसरी ‘पत्नी’ नव्हे, म्हणून कलम १२५ ची पोटगी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये म्हटले. पहिले लग्न लपवून फसवले गेले असेल तर ती पत्नीच मानावी, असा निर्णय २०१३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००४ मध्ये अशा स्त्रीसाठी वापरलेल्या ‘अनौरस पत्नी’सारख्या शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तीव्र नापसंती नोंदवली आणि विवाह शून्य (मुळातच अवैध) ठरला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगी देता येते, असे ठरवले. ही भूमिका अधिक न्याय्य वाटते. मात्र पोटगी देणे न्यायालयाच्या विवेकावर राहते.

रक्कम व वसुली : कायद्यात ठराविक सूत्र नाही. २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराचा चतुर्थांश हे योग्य प्रमाण मानले गेले, म्हणजे हातात ४०,००० पडत असतील तर १०,०००. तो कठोर नियम नव्हे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून उद्भवलेल्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) प्रकरणापासून दोघांनीही मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक झाले. पगारपत्रक, प्राप्तिकर विवरणपत्रे, कर्जाचे हप्ते, सारे त्यात येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करावी, असेही तेव्हा ठरले. थकबाकीसाठी वॉरंट निघते व एका महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही.

गोवा : तेथे ३ नोव्हेंबर १९१० चा पोर्तुगीज घटस्फोट हुकूम अद्याप लागू आहे. विवाहपूर्व करार नसल्यास पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते व विच्छेदानंतर अर्धा वाटा मिळतो.