पार्श्वभूमी : व्यस्त, व्युत्क्रम आणि क्ष + १/क्ष

क्ष + १/क्ष = ३ असेल, तर दोघांच्या पाचव्या घातांची बेरीज किती? इंदुरात हे उदाहरण नववीच्या वहीत असते आणि भंवरकुआंच्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांतही असते. क्षची किंमत काढायची नसते, फक्त बेरजेवरून बेरीज काढायची.

कल्पना फार जुनी आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका बॅबिलोनी मृत्तिकापाटीवर संख्या आणि तिची जोडीदार यांचे गणित आहे : फरक ७, गुणाकार ६०, उत्तर १२ आणि ५. त्यांची मोजणी साठाच्या पटीत चाले, म्हणून जोडीचा गुणाकार क्ष × १/क्षसारखा १ नसून ६०. पुढे १५९३ मध्ये युरोपात ४५ व्या घाताचे एक समीकरण आव्हान म्हणून मांडले गेले. त्याची डावी बाजू म्हणजे आपल्याच साखळीची ४५ वी कडी. ही साखळी म्हणजे क्ष आणि १/क्ष यांच्या शून्य, एक, दोन अशा चढत्या घातांच्या बेरजा. पुढची कडी अशी काढायची : मूळ बेरजेने आताच्या कडीला गुणा, मागची कडी वजा करा. मूळ बेरीज ३ असेल तर २, ३, ७, १८, ४७, १२३. पहिला २ का, तर शून्य घाताला १ + १.

आपल्याकडे अडते ते १/क्षला काय म्हणायचे, या शब्दावर. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात गेले, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यप्रदेश झाला, आणि इंदुरातल्या रामबाग-लोकमान्यनगरातल्या मराठी घरांतल्या बहुतेक मुलांची शाळा हिंदी, पुढे इंग्रजी झाली. घरात मात्र ‘व्यस्त’ राहिला. हा शब्द पक्का आपला आहे. ११५० च्या ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिक आहे, आणि ‘व्यस्त प्रमाण’ मराठीत आजही सर्रास बोलतात. हिंदीत मात्र व्यस्त म्हणजे कामात गुंतलेला, म्हणून तिथली पुस्तके १/क्षला ‘व्युत्क्रम’ म्हणतात.

नुसता भाषेचा फरक असता तर निभावले असते. पण मराठीत व्यस्त दोन आहेत. −क्ष हा क्षचा बेरीज व्यस्त, १/क्ष हा गुणाकार व्यस्त. बोलताना पहिला शब्द गळतो. आजोबा म्हणतात ‘व्यस्त घे’, आणि नात चिन्ह बदलून मोकळी होते. मग बेरीज शून्य, गुणाकार −क्ष², आणि ज्या एका गोष्टीवर सगळे उभे आहे, म्हणजे दोघांचा गुणाकार १, तीच हातची जाते. हिंदीतल्या ‘प्रतिलोम’लाही हेच दुखणे आहे; योज्य आणि गुणात्मक असे दोन प्रतिलोम तिथे आहेत. ‘व्युत्क्रम’ तेवढा एकच. म्हणून इंदुरी घराने ‘गुणाकार व्यस्त’ पूर्ण म्हणावे, नाहीतर सरळ व्युत्क्रम म्हणावे. अर्धवट ‘व्यस्त’ नको. मुले म्हणतात ते ‘एक बटा क्ष’ त्याहून बरे, त्यात गैरसमजाला जागाच नाही.

‘विस्तारसूत्र’ हा शब्दही इथे थोडा फसवा आहे, कारण त्यातून कंस उघडण्याची सवय लागते. इथे काम उलट्या दिशेचे : बेरजेचा वर्ग करायचा आणि मधले पद काढून टाकायचे. ‘नित्यसमानता’, म्हणजे क्ष काहीही असला तरी दोन्ही बाजू समान, असे म्हटले की दोन्ही दिशा मोकळ्या राहतात.

वर्गात मधले पद २ × क्ष × १/क्ष, म्हणजे २ येते, म्हणून ९ − २ = ७. घनातही ३ च वजा करून मुले २४ लिहितात. तिथे वजा होते ते ३ गुणिले मूळ बेरीज, म्हणजे ९; उत्तर २७ − ९ = १८. पाचव्या घातासाठी ७ × १८ = १२६, त्यातून ३ गेले, १२३. हे शेवटचे ३ विसरणे ही नेहमीची चूक. क्ष − १/क्ष = ३ दिले असेल तर चिन्हे फिरतात : वर्गांची बेरीज ११, घनांची वजाबाकी २७ + ९ = ३६. आणि क्ष + १/(४क्ष) = ३/२ असे आले तर आधी सगळ्याला २ ने गुणा, २क्ष + १/(२क्ष) = ३ मिळते, मग वाट ओळखीची.

पर्यायांच्या प्रश्नपत्रिका आल्यापासून नवा वाद आहे. ‘क्ष + १/क्ष = १, तर घनांची बेरीज?’ सूत्राने १ − ३ = −२, आणि तेच उत्तर धरतात. पण वास्तव क्षसाठी ही बेरीज २ किंवा जास्त, नाहीतर −२ किंवा कमी असते. १ कधीच नाही. √३ चेही तसेच, घनांची बेरीज ० येते खरी, पण असा वास्तव क्षच नाही. ऋण संख्येचे वर्गमूळ चालते त्या संमिश्र संख्या अकरावीत येतात, म्हणजे नववीच्या मुलाला अस्तित्वात नसलेल्या क्षचे घन विचारले जातात. ‘क्ष वास्तव’ असे वर छापले असेल तर प्रश्नच चुकीचा. बेरीज ३ देऊन वजाबाकी विचारतात तेव्हा ‘क्ष > १’ लिहिलेच पाहिजे : क्ष २.६१८ घेतला तर √५, ०.३८२ घेतला तर −√५, आणि बेरीज दोन्हींची ३ च.