औषध, विष आणि गर्भातले हृदय : हेलन टॉसिग यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेवर फवारायच्या कीटकनाशकाला औषध म्हणतात आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळीलाही औषधच म्हणतात. 2013 पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील आणि शाळेतील मुलांची तपासणी होते, आणि त्यात जन्मजात हृदयविकाराचाही समावेश आहे. एखाद्या मुलाच्या हृदयाला छिद्र असल्याचे टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसले, तर गरोदरपणी निफाड-दिंडोरीच्या बागांत डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, गेलेल्या आईने ‘त्या औषधाने झाले का?’ असे विचारणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू, म्हणजे हृदय गर्भात कसे बिघडते आणि बाहेरचे रसायन तिथवर कसे पोहोचते, एकाच व्यक्तीच्या कारकिर्दीत भेटतात. ती व्यक्ती म्हणजे डॉ. हेलन टॉसिग.

टॉसिग यांचा जन्म 1898 मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे झाला. हार्वर्डमध्ये त्या काळी स्त्रियांना वैद्यकीय पदवी मिळत नसल्याने त्या बोस्टनला शरीररचनाशास्त्र शिकल्या आणि 1927 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले. स्टेथोस्कोपवर भिस्त ठेवता येत नसलेली ही हृदयतज्ज्ञ बाळाच्या छातीवर हात ठेवून ठोके जाणून घेत असे.

1930 मध्ये तिथलाच बालहृदयरोग विभाग हाती आल्यावर त्यांनी फ्लुरोस्कोपच्या (हलते चित्र दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राच्या) पडद्यावर आणि ईसीजीवर शेकडो मुलांची हृदये अभ्यासली. काही मुले ओठ-नखे निळी पडलेली असत, चार पावले धावली की उकिडवी बसत. अशा मुलांच्या फुप्फुसांना रक्त कमी पोहोचते, आणि ‘डक्टस’ ही जन्मानंतर मिटणारी गर्भातील रक्तवाहिनी ज्यांच्यात उघडी राहते, ती मुले तुलनेने बरी राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग तशी वाट मुद्दाम तयार का करू नये, असा त्यांचा साधा पण धाडसी प्रश्न होता. डक्टस बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करणाऱ्या बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही. शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मात्र ती कल्पना उचलली, आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून तिचे तंत्र बसवले. 29 नोव्हेंबर 1944 रोजी पंधरा महिन्यांच्या आयलीन सॅक्सनवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्यात आली. आयलीन काही महिन्यांनी दगावली, पण तिसऱ्या रुग्णाचे निळे ओठ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गुलाबी झाले. 1945 च्या शोधनिबंधावर थॉमस यांचे नाव नव्हते, ही गोष्ट या कथेतून वगळता येत नाही.

विषशास्त्राशी त्यांचा संबंध त्यानंतर सतरा वर्षांनी आला. 1957 पासून जर्मनीत झोपेसाठी विकली जाणारी थॅलिडोमाइड ही गोळी निर्धोक म्हणून ओळखली जात होती आणि गरोदर स्त्रिया ओकाऱ्यांवरही ती घेत. या गोळीमुळे बाळे खुंटलेल्या हातापायांनी जन्मत आहेत, या जर्मन डॉक्टर विडुकिंड लेन्झ यांच्या इशाऱ्यानंतर नोव्हेंबर 1961 मध्ये ती तिथे मागे घेण्यात आली. पुढच्याच जानेवारीत टॉसिग यांना एका जर्मन डॉक्टरकडून ही हकीकत कळली. त्या लगेच जर्मनीला गेल्या, तिथले डॉक्टर आणि रुग्णालये त्यांनी गाठली, आणि परतल्यावर व्याख्याने, लेख आणि अमेरिकी काँग्रेससमोरची साक्ष यांतून गर्भावरील परिणाम तपासल्याशिवाय औषध विकू नये, हा आग्रह धरला. अमेरिकेत या गोळीची परवानगी तिथल्या औषध नियामक संस्थेतील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी आधीच रोखून धरली होती. ऑक्टोबर 1962 मध्ये तिथला औषध कायदा कडक झाला.

थॅलिडोमाइडचा धोका गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात असतो. हृदयाची नळी धडधडू लागते, वळते आणि तिचे कप्पे आखले जातात, तो काळही हाच, म्हणून खुंटलेल्या हातापायांबरोबर अनेक बालकांत हृदयदोषही आढळले. अनेकींना आपण गरोदर आहोत, हेही तेव्हा कळलेले नसते. या गोळीने उंदरांच्या पिल्लांत विकृती सहसा येत नव्हती, सशांत आली. त्यामुळे केवळ उंदरांसारख्या कृंतकांवर (कुरतडणाऱ्या प्राण्यांवर) विसंबून न राहता ससाही वापरण्याची पद्धत रुजली. द्राक्षाच्या रेसिड्यू रिपोर्टवरील (कीटकनाशकाचे अंश तपासणाऱ्या अहवालावरील) एमआरएल, म्हणजे मालात चालणाऱ्या अंशाची कमाल मर्यादा, हा आकडा शेतातील चाचण्यांवरून ठरतो, मात्र तो सुरक्षित सेवनाच्या मर्यादेशी ताडून पाहतात, आणि ती मर्यादा ठरवताना गाभण उंदीर-सशांवरच्या चाचण्याही विचारात घेतल्या जातात. फवारताना किंवा घड बुडवताना अंगावर येणाऱ्या रसायनाचा हिशेब मात्र वेगळा असतो. एमआरएल तो सांगत नाही.

थॅलिडोमाइड गर्भात सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते, हे जपानी संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले. त्यासाठी कोंबडीचे भ्रूण आणि मूळचा आपल्याकडच्या नद्यांतला झेब्राफिश वापरला गेला. या माशाचे भ्रूण पारदर्शक असल्याने त्याचे हृदय चालताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते.

टॉसिग स्वतः उतारवयात पक्ष्यांच्या हृदयांकडे वळल्या. माणसात आढळणारे दोष पक्ष्यांतही सापडतात, तेव्हा त्यांचे मूळ उत्क्रांतीत फार मागे असावे, असे त्यांचे मत बनले होते. औषधाच्या दुष्परिणामावर जगाला सावध करणाऱ्या संशोधिकेने अखेरीस प्रत्येक दोषाला बाहेरचे विष जबाबदार धरले नाही. मे 1986 मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा हे काम चालूच होते. त्यावरचा लेख 1988 मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.