तांदूळ, याद्या आणि करार: दहशतवादविरोधी धोरणाची पार्श्वभूमी

ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मलायात (आजच्या मलेशियाचा भाग) १९५० च्या दशकात दुकानदाराने डबाबंद अन्न विकताना डब्याला भोक पाडूनच द्यायचे, असा नियम होता. काही वस्त्यांत तर तांदळाऐवजी शिजवलेला भातच दिला जाई. भात दुसऱ्या दिवशी आंबतो आणि भोक पडलेला डबाही टिकत नाही, त्यामुळे जंगलातल्या कम्युनिस्ट गनिमांपर्यंत शिधा पोहोचेना. १९५० च्या ब्रिग्ज योजनेनुसार सुमारे पाच लाख लोकांना, मुख्यतः जंगलाच्या कडेला राहणाऱ्या चिनी कुटुंबांना, उचलून काटेरी तारेच्या आतल्या ‘नव्या गावां’त वसवले गेले. हे सरळसरळ बळजबरीचे काम होते. पण त्याच लोकांना जमिनीचे कागद मिळू लागले, नागरिकत्वाच्या अटी सैल झाल्या, आणि १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ‘ब्रिटिशांविरुद्ध लढा’ या घोषणेतली हवाच गेली. गनिमांविरुद्ध पुकारलेली आणीबाणी १९६० मध्ये उठली.

लष्करी बळ की मूळ कारणांवर उपाय, या वादात मलायाचा दाखला दोन्ही बाजू देतात. नक्कल मात्र बहुतेकांनी तारेची केली, कागदांची नाही.

मिझोराममध्ये हे स्पष्ट दिसते. १९५९ च्या सुमारास तिथे बांबू फुलला, बियांवर उंदीर माजले आणि त्यांनी पिके फस्त केली. दुष्काळात मदतीसाठी उभी राहिलेली संघटना १९६१ मध्ये स्वतंत्र देश मागणारी मिझो नॅशनल फ्रंट झाली. मार्च १९६६ मध्ये उठाव झाला आणि ऐझॉलवर हवाई दलाने मारा केला. १९६७ पासून गावे जाळून लोकांना रस्त्यालगतच्या केंद्रांत आणले गेले. झूम म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती डोंगरावर आणि वस्ती रस्त्यावर, मधले अंतर रोज पायी तोडायचे, तेही संचारबंदीच्या वेळा सांभाळून. पीक घटले, लोक शिध्यावर आले. बंडखोरांची रसद तुटली हे खरे. पण अन्नाच्या तक्रारीतून निघालेल्या चळवळीला सरकारनेच अन्नाची नवी तक्रार पुरवली. शेवट झाला तो ३० जून १९८६ च्या कराराने. फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोराम राज्य झाले, आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री.

उत्तर आयर्लंडमध्ये, जिथे आयरिश रिपब्लिकन आर्मी ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढत होती, घोटाळा याद्यांचा झाला. ९ ऑगस्ट १९७१ रोजी पहाटे छापे घालून ३४२ जणांना खटल्याविना डांबले. याद्या जुन्या होत्या. निवृत्त कार्यकर्ते, नामसाधर्म्य असलेले लोक सापडले आणि तरुण फळी निसटली. शंभरावर लोक दोन दिवसांत सोडावे लागले. उचललेले जवळजवळ सगळे एकाच, कॅथलिक समाजाचे, त्यामुळे आतापर्यंत कुंपणावर बसलेली घरेही फिरली. १९७२ मध्ये सुमारे ४८० माणसे मेली, संपूर्ण संघर्षातले ते सर्वात रक्तरंजित वर्ष. मतदान आणि घरवाटपातला भेदभाव या मूळ मागण्यांवर सुधारणा तोवर सुरूही झाल्या होत्या. पण डांबलेल्या मुलाच्या घरी त्यांचे कोणाला काय? १९९८ च्या शांतता करारात म्हणूनच सत्तावाटपाबरोबर कैद्यांची सुटका आणि पोलीस दलाची फेररचना हेही विषय आले. १९६८ च्या नागरी हक्क चळवळीच्या मागण्यांत कैदी नव्हते.

म्हणजे कारणांची यादी स्थिर नसते. चुकीचा बळप्रयोग तिच्यात भर घालतो, आणि ‘मूळ’ कारण दूर केले तरी ही भर शिल्लक राहते.

‘मूळ कारण म्हणजे गरिबी’ हे समीकरणही ढोबळच. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांना गरिबी वा अशिक्षितपणा आणि दहशतवाद यांच्यात थेट दुवा सापडला नाही. मताचा हक्क, नागरिकत्व, भाषा, पोलिसी वागणूक अशा नाव घेऊन सांगता येणाऱ्या तक्रारींवर काम होऊ शकते. ‘विकास’ या शब्दावर फक्त भाषण होते.

बळाचेही प्रकार असतात. पेरूमध्ये लष्कराने वर्षानुवर्षे डोंगराळ खेडी पिंजून काढली. ‘शायनिंग पाथ’ ही माओवादी बंडखोर संघटना आणि सैन्य यांच्या कात्रीत हजारो शेतकरी मेले. संघटनेचा म्होरक्या आबीमाएल गुझमान मात्र लिमा शहरातच होता. पोलिसांच्या एका छोट्या गुप्तवार्ता पथकाने एका घरावर पाळत ठेवली, तिथला कचरा तपासला. सिगारेटची थोटके आणि सोरायसिसच्या औषधाची वेष्टने मिळाली. त्याला हा त्वचाविकार असल्याचे ठाऊक होते. १२ सप्टेंबर १९९२ रोजी तो रक्त न सांडता सापडला, आणि संघटनेचा कणा मोडला.

अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या २००८ च्या अभ्यासात १९६८ ते २००६ मधल्या ६४८ दहशतवादी संघटना तपासल्या आहेत. फुटून नव्या गटांत गेलेल्या वगळता संपलेल्यांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत आल्या, ४० टक्के पोलीस व गुप्तवार्ता यंत्रणांनी मोडल्या, ७ टक्के लष्करी बळाने. हे आकडे जपून वापरावेत: यात मूठभर माणसांचे गटही आहेत, आणि मोठी बंडखोर फौज असलेल्या संघटनांत लष्कराचा वाटा वाढतो. इराकमधले मोसूलसारखे शहर ताब्यात ठेवणाऱ्या ‘इस्लामिक स्टेट’ला पोलीस ठाण्यातून हटवता आले नसते.

सीरियातले बाघूझ हे तिचे शेवटचे ठाणे मार्च २०१९ मध्ये पडले. त्याच वर्षी, तिथून बाहेर पडलेल्या कुटुंबांना ठेवलेल्या ईशान्य सीरियातल्या अल-होल छावणीतली माणसे सत्तर हजारांवर गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती, आणि अनेक देश आपल्या नागरिकांना परत घ्यायला तयार नव्हते.