निर्वासित करारात राहून गेलेले कलम

१९५१ च्या जिनिव्हा निर्वासित करारात ४६ कलमे आहेत. जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत धाडू नका, असे ३३ वे कलम बजावते. जीव वाचवायला परवानगीशिवाय सीमा ओलांडली म्हणून शिक्षा करू नका, असे ३१ वे सांगते. शिक्षण, रोजगार, न्यायालयात दाद, प्रवासाची कागदपत्रे, सगळ्यांची सोय आहे. पण युद्ध पेटून लाखो माणसे एकाच देशाच्या सीमेवर आली, तर बाकीच्या देशांनी त्यांची जबाबदारी किती आणि कशी उचलायची, याचे कलम त्यात नाही. उद्देशिकेत तेवढे म्हटले आहे की आश्रय देण्याने काही देशांवर अवाजवी भार पडू शकतो आणि आंतरराष्ट्रीय सहकार्याशिवाय त्यावर समाधानकारक तोडगा निघणार नाही. उद्देशिकेने कोणावर बंधन येत नाही. निर्वासितांवरून आज जे वाद चालतात, त्यांतले कितीतरी याच रिकाम्या जागेपाशी येऊन अडतात.

ही जागा रिकामी का राहिली, हे पाहायला तीस वर्षे आणखी मागे जावे लागते. पहिले महायुद्ध, रशियातली क्रांती आणि नंतरची यादवी यांनी लाखो माणसे देशाबाहेर फेकली गेली. १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांतल्या बहुतेकांचे नागरिकत्व काढून घेतले. माणूस आहे, पण तो कोणत्याच देशाचा नाही, हा प्रश्न एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच उभा राहिला. राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रित्योफ नान्सेन यांना उच्चायुक्त नेमले आणि १९२२ पासून अशा माणसांना ओळख आणि प्रवासासाठी ‘नान्सेन पासपोर्ट’ मिळू लागला. पन्नासहून अधिक सरकारांनी तो मान्य केला. काम फार मोलाचे होते. मात्र या कागदाने माणसाला ओळख मिळाली, तरी त्याला आत घेण्याचे बंधन कोणत्याच देशावर आले नाही.

त्याची किंमत १९३८ मध्ये दिसली. नाझी राजवटीतून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांची परिषद भरली. कोणत्याही देशाने आपले स्थलांतराचे कायदे बदलावेत अशी अपेक्षा नाही, हे निमंत्रणातच लिहिले होते. नऊ दिवस एकामागून एक प्रतिनिधी उठले, सहानुभूती व्यक्त करून आपली अडचण सांगत राहिले. डॉमिनिकन रिपब्लिकने तेवढी १ लाख लोकांपर्यंत घेण्याची तयारी दाखवली. प्रत्यक्षात तिथे काहीशेच पोचले. पुढच्या वर्षी, मे १९३९ मध्ये, ‘सेंट लुईस’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून क्यूबाला निघाले. हवानाला फक्त २८ जणांना उतरू दिले. अमेरिकेनेही नकार दिला आणि जहाज युरोपात परतले. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सने प्रवासी वाटून घेतले. त्यांतले २५४ जण पुढे ज्यूंच्या संहारात मारले गेले. ३३ वे कलम वाचताना हे जहाज आठवल्याशिवाय राहत नाही.

युद्धानंतर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने आश्रय ‘मागण्याचा आणि त्याचा लाभ घेण्याचा’ हक्क मान्य केला. तो देणे हे कोणाचे कर्तव्य, हे मात्र सांगितले नाही. संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय १९५१ मध्ये सुरू झाले ते तीन वर्षांच्या मुदतीवर. तेवढ्यात प्रश्न मिटेल असे तेव्हा वाटत होते. करार ठरवायला २६ देश बसले. त्यांच्यासमोर युरोपातले निर्वासित होते, म्हणून १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे परागंदा झालेल्यांपुरतीच व्याख्या केली गेली आणि ती युरोपापुरती ठेवण्याची मुभाही देशांना मिळाली. १९६७ च्या पूरक कराराने काळाची मर्यादा काढली. पण व्याख्येचा गाभा तोच राहिला: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी होणारा छळ. त्यात ‘युद्ध’ हा शब्दच नाही. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला, त्याने तो कोणत्या कारणाने पडला हे सिद्ध करावे, अशी वेळ यामुळे येऊ शकते.

ही उणीव भरून काढली ती आफ्रिकेने. १९६९ मध्ये अदिस अबाबा इथे झालेल्या करारात परकीय आक्रमण, परकीय ताबा आणि सार्वजनिक व्यवस्था कोलमडवणाऱ्या घटना यांमुळे पळालेल्यांनाही निर्वासित मानले गेले. आश्रय देणे ही शेजारी देशाशी शत्रुत्वाची कृती समजू नये, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. १९८४ च्या कार्टाहेना जाहीरनाम्याने लॅटिन अमेरिकेत हीच वाट धरली. निर्वासितांच्या कायद्याचा इतिहास सांगताना ही नावे तळटीपेत जातात, याचे वाईट वाटते.

जबाबदारी वाटून घेतल्याची उदाहरणे नाहीत असे नाही. १९५६ च्या हंगेरीतील उठावानंतर सुमारे २ लाख लोक बाहेर पडले, त्यांतले १ लाख ८० हजार ऑस्ट्रियात. आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे ३७ देशांनी घेतले. १९७९ च्या जुलैत व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या निर्वासितांसाठी ६५ देश जिनिव्हात जमले: शेजाऱ्यांनी तात्पुरता आसरा द्यायचा, दूरच्यांनी त्यांना आपल्याकडे न्यायचे. त्या काळात दहा लाखांहून अधिक लोक असे स्थिरावले. दोन्ही वेळा शीतयुद्धाचे राजकारण अनुकूल होते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी लोक भारतात आले, तेव्हा बाहेरून मदत आली, पण खर्चाचा मोठा वाटा भारतावरच पडला.

युरोपची गोष्टही अशीच आहे. बोस्निया आणि कोसोव्होतल्या युद्धांमुळे आलेल्या निर्वासितांच्या अनुभवानंतर २००१ मध्ये युरोपीय संघाने सामूहिक तात्पुरत्या संरक्षणाचा नियम केला. २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोक, त्यांत सर्वाधिक सीरियाचे, समुद्रमार्गे आले, तेव्हा तो वापरलाच नाही. इटली आणि ग्रीसमधून १ लाख ६० हजार लोक इतर सदस्य देशांत हलवायचे ठरले, हलवले गेले ३५ हजारांच्या आसपास. हाच नियम ४ मार्च २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणानंतर आठ दिवसांत, प्रथमच लागू झाला आणि ४० लाखांहून अधिक लोकांना त्याचा आधार मिळाला. म्हणजे साधन एकवीस वर्षे हाताशी होते.

डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निर्वासितांविषयीचा जागतिक मसुदा १८१ विरुद्ध २ मतांनी संमत केला. विरोधात अमेरिका आणि हंगेरी होते. भार वाटून घेण्यावरच त्याचा सगळा भर आहे, आणि तो कायद्याने बंधनकारक नाही, हेही त्यातच नमूद आहे. २०२४ च्या अखेरीस जगातले ६७ टक्के निर्वासित मूळ देशाच्या शेजारीच होते, तर ७३ टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध भडकल्यावर लाखो लोक चाडमध्ये शिरले. चाड जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. त्याने १९५१ आणि १९६९ हे दोन्ही करार मान्य केले आहेत, त्यामुळे त्याचे कर्तव्य कायद्यात लिहिलेले आहे. सुदानला ज्यांची सीमा लागत नाही, त्यांच्यासाठी अजून उद्देशिकेतले ते वाक्यच आहे.