सिस्टमडीचं भांडण आलं कुठून

आमच्याकडे तालुक्याच्या गावात जुन्या पीसीवर लिनक्स टाकून देणारे पोट्टे अजूनही डेबियन टाकू का देवुआन यावर वाद घालतात. दोन्ही लिनक्सच्याच डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्त्या, अन् बहुतेकाईले माहीतच नसते का हे दोन वेगळे झाले काहून. भांडण सिस्टमडीवरून, म्हणजे मशीन चालू झाल्यावर बाकी सगळं सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामावरून.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सवाल्याईची जुनी शिकवण, डग मॅकिलरॉयनं १९७८ मधी लिहून ठेवलेली, का एका प्रोग्रामनं एकच काम करावं पण नीट करावं. लिनक्समधी मशीन चालू झाली का पहिले इनिट नावाचा प्रोग्राम उठायचा अन् शेल स्क्रिप्टा, म्हणजे कमांडा लिहिलेल्या फाईली, एकामागून एक चालवायचा. आता लोकं त्याले लय सुटसुटीत म्हणतात पण खरं सांगू का, डिस्ट्रोगणिक स्क्रिप्ट वेगळी अन् मागं चालणारा एखादा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हिस, मेली तरी इनिटले पत्ता नाही. म्हणून इनिटच्या जागी २००५ मधी ॲपलनं लाँचडी आणलं, २००६ मधी उबंटू या डिस्ट्रोनं अपस्टार्ट, अन् ३० एप्रिल २०१० ले रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लेनार्ट पॉटरिंगनं के सिव्हर्सच्या सोबतीनं सिस्टमडी जाहीर केलं. सर्व्हिसा एकमेकींशी बोलतात ते सॉकेट आधीच उघडून ठेवायचे, मग सर्व्हिसा एकाच वेळी सुरू झाल्या तरी चालते. मे २०११ ले रेड हॅटच्याच पाठबळावरच्या फेडोरा डिस्ट्रोच्या १५ व्या व्हर्जनमधी ते डिफॉल्ट झालं.

इथवर कोणाची एवढी तक्रार नव्हती. पण २०१२ मधी हार्डवेअर ओळखणारं यूडेव्ह त्यात गेलं, लॉगिन सिस्टमडीच्याच लॉगिनडीकडं गेलं, लॉग म्हणजे मशीनच्या नोंदी त्याच्याच जर्नलडीकडं, मग ग्नोम हा डेस्कटॉप लॉगिनडीवर टेकला. इनिटपुरता ठेवलेला सालगडी, अन् हळूहळू तिजोरीची चाबी बी त्याच्याचपाशी. लॉगचं तर मले बी टोचते, काहून का लाईट गेली अन् मशीन धाडकन बंद पडली तर साध्या टेक्स्ट फाईलीत उरलेल्या ओळी तरी कशानंही वाचता येतात, जर्नलडी मात्र ती फाईल बाजूले सारून नवी उघडते अन् जुनी वाचाले त्याचंच टूल लागते.

फेब्रुवारी २०१४ मधी डेबियनच्या टेक्निकल कमिटीत कोणतं इनिट घ्यावं यावर मतं बरोबरीत अडकली, शेवटी अध्यक्ष बडेल गार्बीच्या निर्णायक मतानं सिस्टमडी आलं. लगेच उबंटूनं बी अपस्टार्ट सोडून द्याचं ठरवलं. नाराज लोकाईनं नोव्हेंबरात डेबियनमधून सिस्टमडी नसलेलं देवुआन वेगळं काढलं, त्याचं पहिलं स्टेबल व्हर्जन २०१७ ले निघालं. जेंटू नावाच्या डिस्ट्रोवाल्याईनं त्याआधीच, २०१२ मधी, यूडेव्हची सिस्टमडीशिवाय चालणारी वेगळी प्रत ईयूडेव्ह केली होती.

मार्च २०२४ मधी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या टूलमधी चोरून घातलेलं बॅकडोर, म्हणजे आत शिराचा चोरदरवाजा, सापडलं अन् जुना वाद परत पेटला. डेबियन-फेडोरासारख्याईनं दुरून मशीनवर लॉगिन कराच्या एसएसएचले सिस्टमडीची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, जोडली होती अन् तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी आत शिरत होती. दोष काही सिस्टमडीच्या कोडचा नव्हता, अन् कॉम्प्रेशनच्या लायब्ऱ्या लागतील तेव्हाच लोड कराचं काम सिस्टमडीत आधीपासूनच चालू होतं, ते त्याच्या २५६ व्हर्जनमधी आलं.