आवडीची गोष्ट आणि निवडीची गोष्ट

आमच्या भित्तिपत्रकासाठी दर पावसाळ्यात 'घरी कुठला प्राणी आणायचा' या विषयावर छोट्या गोष्टी मागवतो. मर्यादा दीडशे शब्दांची. बेळगावातून येतात, खानापूर-निपाणीकडूनही येतात. पालक लिहितात, शिक्षक लिहितात. कागद उलगडला की बहुतेक वेळा तीच गोष्ट निघते: मुलाला कुत्र्याचं पिल्लू हवं असतं, आई नको म्हणते, वाढदिवसाला बाबा पिल्लू आणतात, मुलगा आनंदानं उड्या मारतो. वर शीर्षक असतं 'माझी निवड'.

ही आवडीची गोष्ट आहे. ती वाईट नाही. हट्ट, नकार, मग मिळणं, हा प्रवास मुलांना ओळखीचा असतो आणि तो सगळ्यांनाच लिहिता येतो, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण तिच्यात कुणी काहीही निवडलेलं नाही. जे आधीपासून हवं होतं तेच मिळालं.

घोटाळ्याचं मूळ मला आपल्या बोलण्यातच दिसतं. 'आवडनिवड' हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, जणू दोन्ही एकच. 'निवडणे' हे क्रियापद मात्र स्वयंपाकघरातलं आहे. आज्जी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसते, मेथीची जुडी निवडते. कानडीतही तसंच: 'आरिसु' म्हणजे निवडणं, आणि 'अक्की आरिसु' म्हणजे तांदूळ निवडणं. सीमेवर वाढलेल्या पोराला दोन्ही भाषांतून हेच कळत आलेलं असतं की निवडायचं तर काहीतरी बाजूला सारावं लागतं. आवडायला एक वस्तू पुरते. निवडायला दोन लागतात, आणि त्यातली एक मागं राहते.

इथपर्यंत पुष्कळ जण येतात आणि पुढच्या पायरीवर घसरतात. मग अशी गोष्ट येते: बैल फार मोठा, बकरी फार ओरडते, मासा हातात घेता येत नाही, म्हणून मांजर. दिसायला ही निवड आहे, पण प्रत्येक प्राण्यात खोट काढत गेल्यावर शेवटी एकच उरतो. सुपातला खडा टाकताना कुणाच्या जिवाला लागत नाही. गोष्टीत दोन्ही बाजूंना तांदूळच हवा. जे मागं राहणार तेही तितकंच चांगलं, शक्यतो जास्तच हवंहवंसं असलं पाहिजे. एवढं जमलं तर शंभर शब्दही पुरतात, आणि ते नसेल तर हजार शब्द लिहूनही गोष्ट उभी राहत नाही.

उदाहरणादाखल मी लिहिलेली एक गोष्ट. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात घरात माग असणं नवलाचं नाही, म्हणून ती तिथंच ठेवली आहे.

'मावशीकडं मांजराची दोन पिल्लं होती. भगवं पिल्लू पद्माच्या फ्रॉकची नाडी ओढायचं, सोडायचं, पुन्हा झडप घालायचं. काळं खिडकीत बसून नुसतं बघायचं. "कुठलं नेतीस गं?" मावशीनं विचारलं. पद्माचं बोट भगव्याकडं गेलं. मग तिला घरचा माग आठवला. त्याच्यावर ताणलेले रेशमाचे धागे. रात्री दिव्याखाली तुटलेला धागा जोडत बसलेले आप्पा. तिनं काळं पिल्लू उचललं. निघताना भगव्यानं पुन्हा नाडी धरली. पद्मा खाली बसली आणि त्याची नखं एकेक करून सोडवली.'

भगव्या पिल्लात खोट नाही. त्याचा जो गुण पद्माला आवडला, तोच तिच्या घरात चालणार नाही. आवड एकीकडं आणि निवड दुसरीकडं, असे दोन रस्ते फुटले की मूल विचार करायला लागतं. ही गोष्ट वाचून दाखवली की भगव्याचं पुढं काय झालं, असं मुलं हटकून विचारतात. वाढदिवसाच्या पिल्लाच्या गोष्टीनंतर कुणी काही विचारत नाही.

असंच मुधोळ कुत्र्याचं. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची ही सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी शिकारी जात. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं. आपल्याकडच्या पोरांना तिचा अभिमान असतो, आणि असावाच. म्हणून दोन खोल्यांच्या घरातल्या मुलाला मुधोळ हवा असणं ही गोष्टीसाठी सोन्यासारखी जागा आहे. कुत्रा उत्तम आहे, कमी पडते ती पळायला जागा. तरीही लिहिणारे त्याला चावरा करून टाकतात आणि नकार सोपा करून घेतात. याचा मला खरोखर त्रास होतो.

आणखी एक विनंती, लंगडं पिल्लू आता पुरे. तीन गुटगुटीत पिल्लं आणि कोपऱ्यात एक लंगडं, एवढं वाचलं की मूल कुठलं उचलणार हे पहिल्या ओळीतच कळतं. दया चांगली, पण तिथं उत्तर लेखकानं आधीच ठरवलेलं असतं आणि मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. 'मी' वापरा की 'ती', प्राण्याला बोलायला लावा की नको, कसंही चालतं. शाळेच्या पुस्तकातले 'पाळीव प्राणी' म्हणजे गाय-म्हैस-शेळीही, इथं विषय घरात लाडानं ठेवायच्या प्राण्याचा, एवढं ध्यानात असलं की झालं. पोपट मात्र पिंजऱ्यात घालू नका. आपल्याकडचा हिरवा पोपट किंवा चांदण्यांच्या पाठीचं कासव घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि मुलं गोष्टीतलं खरं धरतात. तसंच डोळे न उघडलेलं पिल्लू पिशवीत घालून घरी आणू नका. पिल्लं आठेक आठवडे आईजवळच राहिली पाहिजेत. 'अजून लहान आहे, दिवाळीला ये' असं मावशीनं म्हटलं, तर पद्माला ठरवायला आणखी दोन महिने मिळतील. तेवढ्यात ती दर रविवारी येऊन नाडीशी खेळून जाईल, आणि मग भगव्याला सोडून जाणं आणखी अवघड होईल.